एअरींनी पाठवलेले आकडे आणि केंब्रिजला न पोहोचलेला नकाशा

प्रश्न
वाघूरकाठ, जामनेर तालुका

सर्वांना नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात मला नेपच्यूनच्या शोधावर व्याख्यान द्यायचे आहे, आणि त्या तयारीत ग्रिनिचचे राजज्योतिषी जॉर्ज बिडेल एअरी यांच्या पत्रव्यवहारापाशी मी आठवडाभर अडकून पडलो आहे. केंब्रिज वेधशाळेचे प्रमुख जेम्स चॅलिस यांनी १३ फेब्रुवारी १८४४ रोजी एअरींना लिहिले की, माझा एक तरुण स्नेही, सेंट जॉन्स कॉलेजातील ॲडम्स, युरेनसच्या गतीवर काम करतो आहे; १८१८ ते १८२६ या वर्षांत कोष्टकांतून निघणारे युरेनसचे स्थान आणि प्रत्यक्ष वेधांतून मिळालेले स्थान यांत किती फरक पडत होता, ते त्याला हवे आहे. (युरेनस गणिताने काढलेल्या मार्गावरून ढळतो तो एखाद्या न दिसलेल्या ग्रहाच्या ओढीने, असे धरून त्या ग्रहाची जागा ॲडम्सना काढायची होती; तोच पुढे नेपच्यून ठरला.) एअरींनी दोनच दिवसांनी, १५ फेब्रुवारीला, उत्तर धाडले, आणि मागितलेल्या वर्षांवर न थांबता १७५४ ते १८३० पर्यंतचे सगळे आकडे पाठवून दिले.

हे वाचून मला फार बरे वाटले, पण लगेच दोन शंका आल्या. एक, हे आकडे सरकारी वेधशाळेचे; ते मागण्याचा कोणाला हक्क होता काय, की एअरींची मर्जी होती म्हणून ते मिळाले? दुसरी शंका जास्त बोचते. अडीच वर्षांनी हेच चॅलिस नवा ग्रह शोधायला बसले, तेव्हा आकाशाच्या नेमक्या त्या भागाचा बर्लिनमध्ये छापून तयार असलेला नकाशा त्यांच्याकडे नव्हता. ज्या जगात सत्याहत्तर वर्षांचे आकडे दोन दिवसांत निघतात, त्याच जगात छापलेला नकाशा मात्र पोहोचत नाही, हे कसे?

ही शंका केवळ व्याख्यानापुरती नाही, हे मोकळेपणाने सांगतो. गेली अकरा वर्षे मी आमच्या घराच्या धाब्यावरून तिमिंगल समूहातील मीरा या रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्याच्या तेजाची नोंद ठेवत आहे. पावसाळ्याचे ढग हटले की पहाटे सुरुवात करायची आणि माघ-फाल्गुनात तारा संध्याकाळच्या उजेडात बुडेपर्यंत चालवायचे, असा नेम आहे. चार वह्या झाल्या. पहिल्या तीन वर्षांची वही एका परिचित अभ्यासकांनी पाहायला म्हणून नेली, ती परत आली नाही. तेव्हापासून कोणी मागितले तरी माझा हात पुढे होत नाही, आणि हे बरोबर नाही हेही मला कळते.

उत्तर १
पांझराकाठ, धुळे

गुरुजी, नमस्कार. आपल्या पहिल्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर एअरींच्या आधीच्या शंभर वर्षांत आहे.

ग्रिनिचचे वेध ही राष्ट्राची मालमत्ता आहे, हे सुरुवातीपासून कोणी मानत नव्हते. पहिले राजज्योतिषी फ्लॅमस्टीड स्वतःच्या पैशाने यंत्रे घेत, त्यामुळे वेधही आपले असे त्यांना वाटे. न्यूटन आणि हॅले यांनी १७१२ मध्ये ते त्यांच्या मनाविरुद्ध छापले, तेव्हा त्यातल्या हाती आलेल्या सुमारे तीनशे प्रती फ्लॅमस्टीड यांनी जाळून टाकल्या. पुढे तिसरे राजज्योतिषी ब्रॅडली १७६२ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या वारसांनी वेधांच्या वह्या घरची चीज म्हणून ठेवून घेतल्या. त्या ऑक्सफर्ड विद्यापीठाकडे जाऊन छापून निघायला १७९८ आणि १८०५ ही साले उजाडली. म्हणजे त्या काळातले सर्वांत नेमके वेध चाळीस वर्षे बंद पेटीत होते. छापून आल्यावर इंग्लंडात कोणी त्यांना हात लावला नाही. ते काम केले प्रशियातल्या बेसेल यांनी, आणि १८१८ मध्ये त्या वेधांतून तीन हजारांहून अधिक ताऱ्यांची स्थाने काढून दिली.

येथे एक फरक आपण व्याख्यानात जरूर सांगावा, कारण त्याशिवाय एअरींच्या त्या पाकिटाचे मोल श्रोत्यांना कळणार नाही. वेध म्हणजे स्थान नव्हे. याम्योत्तर दुर्बिणीच्या (फक्त उत्तर-दक्षिण रेषेत फिरणाऱ्या दुर्बिणीच्या) दृष्टिक्षेत्रात कोळिष्टकाचे बारीक धागे उभे ताणलेले असतात. निरीक्षक एका कानाने घड्याळाचे ठोके मोजत असतो आणि डोळ्याने ग्रह प्रत्येक धाग्याआड कधी जातो ते पाहून सेकंदाचा दहावा हिस्सा अंदाजाने लिहीत असतो. वहीत एवढेच असते: अमुक धागा, अमुक सेकंद. त्यातून घड्याळाची चूक काढायची, यंत्राचा कल काढायचा, हवेतल्या वक्रीभवनाचा संस्कार करायचा, परांचन (पृथ्वीच्या आसाच्या संथ डोलण्याने पडणारा फरक) आणि अपायन (पृथ्वीच्या गतीमुळे जागा किंचित सरकलेली दिसणे) जमेस धरायचे, मग कोठे ग्रहाचे स्थान हाती लागते. त्याची कोष्टकातल्या स्थानाशी तुलना केली की ॲडम्सना हवा असलेला फरक मिळतो. कच्चे वेध छापील खंडांत कोणालाही मिळाले असते, पण त्यांवर हे सगळे संस्कार करायला एकट्या माणसाला कित्येक वर्षे लागली असती.

एअरींनी ग्रिनिचला येण्याआधीच सरकारकडून पैसे मंजूर करून घेतले होते, आणि १७५० ते १८३० या काळातल्या ग्रहांच्या सर्व वेधांवर हे संस्कार करायला पगारी गणक बसवले होते. तो ग्रंथ छापून बाहेर पडला १८४५ मध्ये. आता आपली तारीख पाहा: फेब्रुवारी १८४४. म्हणजे एअरींनी ॲडम्सना जे दिले, ते अजून प्रसिद्धही झालेले नव्हते. प्रसिद्धीपूर्वी दुसऱ्याला आकडे दिले तर तो आपल्या आधी काही शोधून काढील, ही भीती त्या पत्रात कोठेही नाही. माझ्या मते याचे कारण असे की एअरी स्वतःला त्या आकड्यांचे मालक समजत नव्हते, ते राखणारे समजत होते. त्यांच्या कारकिर्दीत ग्रिनिचचा खंड दर वर्षाला, संस्कार केलेल्या स्थानांसह, निघू लागला आणि देशोदेशीच्या वेधशाळांना विनामूल्य जाऊ लागला.

एअरींच्या स्वभावावर टीका पुष्कळ झाली आहे, आणि ॲडम्सच्या गणिताकडे त्यांनी द्यावे तेवढे लक्ष दिले नाही हे मलाही मान्य आहे. पण आकडे देण्याच्या बाबतीत त्यांच्याकडे बोट दाखवता येणार नाही.

उत्तर २
तापीकाठ, भुसावळ

धुळ्याच्या दादांनी पहिली बाजू इतकी नीट मांडली आहे की मी थेट नकाशाकडे येते. गुरुजी, आपली दुसरी शंका वाचून मला रात्री झोप लागली नाही, कारण त्या नकाशाची गोष्ट माझ्या फार जिव्हाळ्याची आहे.

आकाशातल्या विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा अंशांपर्यंतच्या आकाशाचे चोवीस नकाशे करावेत, प्रत्येक नकाशा विषुवांशाच्या (आकाशातल्या रेखांशाच्या; पूर्ण फेरी चोवीस तासांची) एका तासाचा, आणि ते काम वेगवेगळ्या ज्योतिर्विदांनी वाटून घ्यावे, ही कल्पना बेसेल यांची. बर्लिनच्या अकादमीने ती उचलली. काम तीस वर्षांहून अधिक चालले, शेवटचा नकाशा १८५९ मध्ये आला. एकविसाव्या तासाचा नकाशा ब्रेमिकर यांनी केला. १८४६ च्या उन्हाळ्यात तो छापून झाला होता, पण इतर वेधशाळांकडे रवाना झालेला नव्हता. गठ्ठा बर्लिनमध्येच पडून होता. कोणी दडवला नव्हता, कोणाचा मत्सर नव्हता; फक्त पाठवायचा राहिला होता.

२३ सप्टेंबर १८४६ रोजी पॅरिसच्या ल व्हेरिये यांचे (ॲडम्ससारखेच गणित त्यांनीही स्वतंत्रपणे केले होते) पत्र बर्लिन वेधशाळेतले सहायक गाले यांच्या हाती पडले. पत्रावर तारीख होती १८ सप्टेंबर. त्यात नव्या ग्रहाची जागा दिली होती आणि तेथे दुर्बीण वळवा अशी विनंती होती. त्या दिवशी संचालक एंके यांचा पंचावन्नावा वाढदिवस होता. त्यांनी परवानगी दिली. दारे नावाचा विद्यार्थीही मदतीला थांबला. आधी ग्रहाची चकती दिसते का पाहिले, तसे काही ठरवता येईना. तेव्हा नकाशाशी ताडून पाहावे असे दारेने सुचवले आणि ब्रेमिकरचा तो नवाकोरा नकाशा निघाला. गाले दुर्बिणीपाशी बसून एकेक तारा सांगत होते, दारे नकाशावर बोट ठेवून तो आहे की नाही ते पाहत होता. थोड्याच वेळात आठव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाची पायरी; अंक वाढला की तारा मंद) एक तारा असा आला की दारे ओरडला, हा नकाशात नाही! तो ल व्हेरिये यांनी सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत होता. दुसऱ्या रात्री तो सरकलेला दिसला.

आता चॅलिस यांच्याकडे पाहा. त्यांनी २९ जुलैपासून शोध सुरू केला होता, दुर्बीण बर्लिनच्या दुर्बिणीहून मोठी होती. परंतु नकाशा नसल्यामुळे तो आधी स्वतःच तयार करायचा, आकाशाची पट्टी दोन-दोनदा झाडायची, आणि मग दोन्ही रात्रींच्या यादीत कोणता तारा कमी-जास्त झाला ते शोधायचे, असा लांबचा रस्ता त्यांना धरावा लागला. ४ आणि १२ ऑगस्ट या दोन्ही रात्री ग्रह त्यांच्या वहीत लिहिला गेलेला आहे. १२ ऑगस्टची यादी ३० जुलैच्या यादीशी त्यांनी ताडायला घेतली, एकोणचाळीस ताऱ्यांपर्यंत सगळे जुळले म्हणून ते थांबले, आणि ग्रह होता एकोणपन्नासाव्या क्रमांकावर. हे वाचताना दर वेळी माझा जीव कासावीस होतो. त्यांचा आळस म्हणून हे सोडून देणाऱ्यांशी मी सहमत नाही. हाती नकाशा असता तर त्याच दुर्बिणीने पहिल्याच आठवड्यात काम झाले असते.

म्हणून, गुरुजी, आपल्या शंकेला माझे उत्तर असे की, छापणे आणि पोहोचवणे ही दोन कामे आहेत, आणि त्या काळी दुसरे काम संस्थेपेक्षा पत्रांवर अधिक चालत असे. चॅलिस यांनी एअरींना पत्र लिहिले म्हणून आकडे आले. बर्लिनला नकाशाबद्दल वेळेवर कोणी पत्र लिहिले नाही म्हणून तो आला नाही.

याच पत्राची आणखी एक बाजू मला फार मोलाची वाटते. ल व्हेरिये यांनी पत्र गाले यांनाच का लिहिले? गाले यांनी आपला प्रबंध त्यांना आधी पाठवला होता, आणि १८ सप्टेंबरच्या पत्राची सुरुवात त्या प्रबंधाच्या, बऱ्याच उशिरा मानलेल्या, आभारांनी होते. प्रबंध होता डेन्मार्कच्या रोमर यांच्या वेधांवर. रोमर यांच्या बहुतेक सगळ्या वह्या १७२८ मध्ये कोपनहेगनच्या आगीत जळाल्या. १७०६ च्या ऑक्टोबरातले तीन दिवसांचे वेध तेवढे वाचले होते. त्या तीन दिवसांवर गाले यांनी मेहनत घेतली, ती छापली, आणि एक प्रत पॅरिसला धाडली.

मूळ वहीचे महत्त्वही याच ग्रहाने दाखवून दिले. शोधानंतर काही महिन्यांनी, १८४७ च्या फेब्रुवारीत, वॉशिंग्टनचे वॉकर यांनी मागे हिशोब करून काढले की १७९५ च्या मे महिन्यात पॅरिसचे ज्योतिर्विद लालांद यांच्या वेधांत नेपच्यून आलेला असावा. आल्टोनाच्या पीटरसन यांनीही ते स्वतंत्रपणे ओळखले. छापील ग्रंथात १० मेचा तो तारा सापडला, पण त्याच्यापुढे संशयाची खूण होती. पॅरिसमध्ये मूळ हस्तलिखित काढून पाहिले तर ती खूण तेथे नव्हतीच! उलट ८ मेलाही तोच तारा टिपलेला होता, जागा जुळेना म्हणून तो वेध छापताना गाळला होता. जागा जुळत नव्हती, कारण तो ग्रह होता आणि दोन दिवसांत सरकला होता. मूळ कागद राहिले म्हणून नव्या ग्रहाच्या कक्षेला एकावन्न वर्षांचा आधार एका दिवसात मिळाला.

गुरुजी, आपली पहिली वही गेली याचे मला मनापासून वाईट वाटते. पण एक विचारू? रात्री धाब्यावर अंधारात आपण थेट वहीत लिहीत होता, की आधी कच्च्या कागदावर?

उत्तर ३
गिरणाकाठ, चाळीसगाव

गुरुजींचा तारा मीरा आहे, म्हणून बॉनचे ज्योतिर्विद आर्गेलांडर येथे यायलाच हवेत. एअरींचे ते पाकीट निघाले त्याच १८४४ सालच्या, शूमाखर यांच्या वार्षिकात त्यांनी खगोलप्रेमींना उद्देशून एक आवाहन लिहिले. हौशी लोकांना साध्या डोळ्यांनी किंवा लहान दुर्बिणीने करता येण्याजोगे काम कोणते, तर रूपविकारी ताऱ्यांचे, असे सांगून शेजारच्या ताऱ्यांशी पायरी-पायरीने तुलना कशी करावी हे त्यांनी त्यात समजावले. शेवटी एक मागणे घातले: आपली निरीक्षणे दर वर्षी जाहीर करा, कारण मेजाच्या खणात पुरून ठेवलेले निरीक्षण हे निरीक्षणच नव्हे, छापायची सोय नसेल तर माझ्याकडे पाठवा, त्यांवरचे गणित आणि छपाई मी आनंदाने करीन आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर देईन. पुढे ज्यांनी उत्तर गोलार्धातले सव्वातीन लाख तारे सूचीत आणले, तो माणूस अनोळखी हौशी लोकांना असे शब्द देतो, याचा मला आदर वाटतो.

आपल्याकडचे उदाहरण मद्रासच्या पॉगसन यांचे. एका प्रतीचा फरक म्हणजे तेजात सुमारे २.५१२ पट, हे १८५६ चे प्रमाण त्यांचेच; गुरुजींच्या वहीतले आकडेही त्याच मापाचे. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी गॉटिंगेनहून क्लिंकरफ्यूस यांची तार त्यांना आली की बीलाचा धूमकेतू पृथ्वीला चाटून गेला आहे, नरतुरंग समूहातल्या अमुक ताऱ्याजवळ शोधा. आणि २ व ३ डिसेंबरला पॉगसन यांना तेथे एक धूमकेतू दिसलाही. (तो बीलाचाच होता हे मात्र पुढे सिद्ध झाले नाही.) एवढी तत्परता असलेल्या त्याच वेधशाळेत १८६२ पासूनच्या याम्योत्तर वेधांचा पहिला खंड निघायला १८८७ साल उजाडले, आणि शेवटचे खंड तर पॉगसन यांच्या मृत्यूनंतर निघाले. हाताखाली माणसे कमी होती हे खरे, पण पंचवीस वर्षांनी आलेल्या स्थानांचा उपयोग ताज्या स्थानांइतका होत नाही.

आमच्या पाटणच्या देवीच्या देवळातला शिलालेख आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, आणि शके ११२८ मध्ये त्याला दान मिळाले, असे त्यात लिहिले आहे. बाजारात येणाऱ्या मालावरचे कोणते उत्पन्न मठाला जायचे, हे शेवटच्या मराठी ओळींत आहे. ग्रंथ लिहून झाला तरी तो लोकांपर्यंत जायला खर्च येतो, हे आपल्या मुलखात तेव्हाही ठाऊक होते.

गुरुजी, व्यवहाराचे सांगायचे तर मूळ वही यापुढे कोणालाच देऊ नका. नक्कल द्या. रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकेतली संघटना १९११ पासून जगभरच्या हौशी लोकांच्या नोंदी घेते आणि त्या सर्वांना खुल्या ठेवते. निरीक्षकाला स्वतःचे संकेताक्षर मिळते, त्यामुळे नोंद कोणाची हे कायम राहते. वेळ मात्र जागतिक वेळेत लागते, म्हणून आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायला विसरू नका. पहाटे साडेपाचच्या आधीच्या नोंदींची तारीखही त्याने एक दिवस मागे जाते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर
वाघूरकाठ, जामनेर तालुका

आपण तिघांनी एवढा वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. व्याख्यानाची मांडणी मी बदलली आहे. आता सुरुवात एअरींपासून न करता रोमरच्या आगीतून वाचलेल्या तीन दिवसांपासून करीन, आणि ब्रेमिकरच्या नकाशासाठी वेगळा वेळ ठेवीन.

भुसावळच्या ताईंच्या प्रश्नाने मात्र माझे दोन दिवस गेले. होय, मी आधी कच्च्या कागदावरच लिहीत असे. विजेरीच्या काचेला पतंगाचा लाल कागद लावून, गुडघ्यावर पाटी ठेवून, शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर. सकाळी चहा झाला की ते वहीत नीट उतरवायचे, आणि कागद माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत टाकायचे. ती पेटी काल मुलाकडून खाली उतरवून घेतली. पहिल्या वर्षाचे कागद वाळवीने खाल्ले आहेत, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे मिळून एकशे सोळा कागद वाचता येतात. गेलेल्या वहीतली जवळजवळ दोन वर्षे त्यामुळे परत आली.

त्यात एक कागद असा निघाला की तो पुन्हा पुन्हा वाचतो आहे. कार्तिक वद्यातली पहाट आहे. त्या रात्री मीरा मला शेजारच्या चौथ्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा स्पष्ट उजळ दिसला होता. आदल्या नोंदीपेक्षा तो एकदम एवढा वाढावा हे मला पटले नसावे, कारण कोपऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिले आहे: “डोळ्यांवर झोप असावी, वहीत घेतले नाही.” पुढचा कागद आठ दिवसांनंतरचा आहे, आणि त्यात तारा त्याहूनही उजळ आहे.

धाकटी नात सगळे कागद तारखेनुसार लावून देते आहे आणि मी वेळेतून साडेपाच तास वजा करत एकेक नोंद नव्या कागदावर उतरवतो आहे. ती पहाट मी गाळणार नाही. तिच्यापुढे संशयाची खूण करीन, खूण आज केली असेही लिहीन, आणि मूळ कागद जसा आहे तसा पेटीत ठेवीन.